निगेटिव्हची छाया : कृष्णधवल छायाचित्रांच्या छपाईचा इतिहास व त्यांचे साधनमूल्य

१

इतिहासाच्या साधनांत छायाचित्राला आता मानाचे स्थान लाभले आहे. गेल्या शतकातील अथवा त्यापूर्वीच्या शतकातील एखाद्या नगराचे, वास्तूचे वा व्यक्तीचे वर्णन करताना लेखक एखादे जुने छायाचित्र पुढे करतो आणि वाद तेथेच संपतो. बखरीचा कर्ता पक्षपाती असू शकेल, प्रवाशाचे वर्णन ऐकीव असू शकेल. परंतु कॅमेऱ्याला पक्ष नसतो, अशी आपली समजूत असते. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आपण इतके भोळे नाही. अस्सल कोणते व नक्कल कोणती, नक्कल कोणी केली व केव्हा केली, हे विचारल्याखेरीज दप्तराला प्रमाण मानावयाचे नाही, ही शिस्त महाराष्ट्रात कै. वि. का. राजवाडे यांच्या पिढीपासून रुजलेली आहे. हेच प्रश्न छायाचित्रांना फारसे कोणी विचारीत नाही.

वस्तुतः आपण जे पाहतो ते बहुधा कॅमेऱ्यातून निघालेले चित्र नसतेच. कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह. काळ्याच्या जागी पांढरे व पांढऱ्याच्या जागी काळे असलेली ती काच किंवा फिल्म कोणी घरात टांगून ठेवीत नाही. तिच्यापासून कागदावर उतरविलेली प्रत आपल्यापुढे येते, आणि ही प्रत उतरविणे ही एक स्वतंत्र क्रिया आहे. ती क्वचित निगेटिव्ह करणाराच करतो. पुष्कळदा दुसराच कोणी, काही वेळा त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी करतो. या क्रियेचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि छायाचित्राच्या साधनमूल्याविषयी त्यातून जो निष्कर्ष निघतो तो मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निष्कर्ष आरंभीच सांगून टाकणे बरे. छापलेले छायाचित्र म्हणजे निगेटिव्हची यांत्रिक नक्कल नव्हे, तो तिचा एक पाठ आहे. आणि ज्याप्रमाणे पाठकर्त्याची ओळख पटल्याशिवाय पाठाचे मोल ठरत नाही, त्याचप्रमाणे छपाईची माहिती असल्याशिवाय छायाचित्राची साक्ष तोलता येत नाही.

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे. तेव्हा आरंभ शब्दांपासून केल्यास वाचक क्षमा करतील. शिवाय या विषयात शब्दांची साक्ष खरोखरच उपयोगी पडते.

२

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात लेकॉक अ‍ॅबी नावाची एक वास्तू आहे. तिचे मालक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५ च्या ऑगस्टमध्ये तेथील एका जाळीदार खिडकीचे चित्र संस्कारित कागदावर उमटविले. टपालाच्या तिकिटाहून फारसा मोठा नसलेला तो तुकडा म्हणजे आज उपलब्ध असलेली, कॅमेऱ्याने घेतलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह होय. टॅलबट यांनी ही गोष्ट बरीच वर्षे प्रसिद्ध केली नाही. १८३९ च्या ७ जानेवारीस पॅरिस येथे दागेर यांच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा मात्र त्यांना घाई करावी लागली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. दागेर यांची पद्धती व टॅलबट यांची पद्धती यांतील मूलभूत भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. दागेर यांचे चित्र रुपेरी पत्र्यावर एकदाच उमटे; त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅलबट यांच्या उलट्या चित्रावरून मात्र हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत. छपाईचा प्रश्न उद्भवला तो येथून.

या उलट्या व सुलट चित्रांना नावे दिली ती ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांनी. १८३९ च्या मार्चमधील आपल्या निबंधात त्यांनी फोटोग्राफी हा शब्द वापरला, आणि पुढच्या वर्षी निगेटिव्ह व पॉझिटिव्ह ही जोडी रूढ केली. चित्र प्रकाशात टिकून राहावे म्हणून जे द्रव्य लागते तेही त्यांनीच सुचविले. चांदीचे क्षार या द्रव्यात विरघळतात, हे त्यांनी १८१९ मध्येच शोधून काढले होते. त्या काळच्या रसायनशास्त्रात त्याला सोडियमचे हायपोसल्फाइट म्हणत. पुढे ते नाव शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे ठरले व त्याच्या जागी थायोसल्फाइट हे नाव आले. तथापि अंधारखोलीत काम करणाऱ्यांनी जुने नाव सोडले नाही. त्याचा पहिला तुकडाच तेवढा ठेवला, आणि मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतही ‘कागद हायपोत टाकणे’ हा प्रयोग पक्का झाला. शास्त्राने टाकून दिलेला शब्द व्यवसाय जपून ठेवतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मराठीने या विषयासाठी जी क्रियापदे योजिली ती अधिक बोलकी आहेत. फोटो ‘काढला’ जातो आणि रोल ‘धुतला’ जातो. ‘काढणे’ हे क्रियापद आपण चित्रालाही लावतो. त्यात हाताचे कौशल्य व कर्त्याचे श्रेय दोन्ही गृहीत आहेत. ‘धुणे’ या क्रियापदात त्यांपैकी काहीच नाही. फिल्म रसायनात घालून चित्र प्रकट करणे, ते कायम करणे, कागदावर छापणे व शेवटी पाण्याने स्वच्छ करणे या सगळ्या क्रिया बाहेरच्या माणसाने एका शेवटच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या क्रियेच्या नावाखाली गोळा केल्या. ‘फोटो धुवायला टाकले आहेत’ असे म्हणताना ते कपडे धोब्याकडे टाकल्यासारखेच बोलले जाते. ज्याने कळ दाबली तो कर्ता, आणि ज्याने प्रत तयार केली तो धुणारा, अशी वाटणी भाषेने करून टाकली. छपाई करणाऱ्यांची नावे इतिहासात का सापडत नाहीत, याचे एक कारण या वाटणीतच आहे.

दुसरा शब्द ‘छायाचित्र’. छाया म्हणजे सावली. टॅलबट यांनीही आपल्या पहिल्या निबंधात सावली स्थिर करण्याच्या कलेविषयी लिहिले होते, तेव्हा हा शब्द मुळाला धरूनच आहे. परंतु संस्कृताच्या अभ्यासकाला ‘छाया’ शब्दाचा आणखी एक अर्थ परिचित आहे. संस्कृत नाटकांत स्त्रिया व विदूषकादी पात्रे प्राकृतात बोलतात. वाचकांच्या सोयीसाठी त्या भाषणांचे जे संस्कृत रूपांतर दिलेले असते, त्याला ‘छाया’ म्हणतात. ही छाया मुळाच्या पावलावर पाऊल टाकून चालते, तरी ती मूळ नव्हे. एकाच प्राकृत शब्दाची दोन संस्कृत रूपे संभवत असतील तर छायाकाराला त्यांतील एक निवडावे लागते. निगेटिव्ह व छापलेली प्रत यांचा संबंध या दुसऱ्या अर्थाने अधिक चांगला समजतो. प्रत ही निगेटिव्हची छाया आहे. निवड तिच्यात अटळ आहे. भेद इतकाच, की नाटकाचा जाणता वाचक छायेवरून मुळाकडे वळू शकतो. छायाचित्राचा वाचक मूळ पाहतच नाही.

३

पहिल्या पन्नास वर्षांतील छपाई अंधारात होत नसून उन्हात होत असे, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. मिठाच्या पाण्यात बुडवून मग चांदीच्या क्षाराचा हात दिलेला कागद निगेटिव्हखाली चौकटीत दाबून बसवीत व ती चौकट उन्हात मांडून ठेवीत. चित्र प्रकाशानेच हळूहळू गडद होत जाई. काम करणारा चौकटीची मागची बाजू अधूनमधून उघडून ते किती उतरले आहे ते पाही, आणि पुरेसे झाले असे वाटले म्हणजे कागद काढून घेई. आकाशात ढग आले की काम लांबे. प्रत नेहमी निगेटिव्हच्याच आकाराची निघे. मोठे चित्र हवे असेल तर मोठी निगेटिव्ह, म्हणून मोठा कॅमेरा घ्यावा लागे.

टॅलबट यांचा सेवक व पुढे सहकारी झालेला निकोलास हेनेमान याने १८४४ मध्ये रेडिंग येथे छपाईचा कारखाना सुरू केला. टॅलबट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथातील चित्रे तेथेच छापली गेली. हा ग्रंथ १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघाला व त्यात २४ चित्रे होती. फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदाची पद्धत जाहीर केली आणि १८५१ मध्ये लील नगराजवळ मोठी छपाईशाळा काढली. अंड्याच्या बलकाचा हा कागद पुढे जवळजवळ चाळीस वर्षे सर्व जगभर चालला. त्यावरील चित्र तपकिरी वा जांभळट दिसे, आणि सोन्याच्या क्षाराने संस्कारित केल्यावर त्याला अधिक गार छटा येई. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ‘कृष्णधवल’ चित्रे कृष्ण नव्हती व धवलही नव्हती. निखळ काळा व निखळ पांढरा हे रंग अंधारखोलीबरोबरच आले. त्याचे कारण पुढे येईल.

या काळातच दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी, की प्रत टिकेल की नाही हे छपाई करणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून आहे. टॅलबट यांच्या पद्धतीने छापलेल्या पुष्कळ प्रती काही वर्षांतच पिवळ्या पडून विरळ झाल्या. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये या विटण्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांनी तिला ५० पौंडांचे साहाय्य दिले. अपुरी धुलाई, त्यामुळे कागदात राहून गेलेला हायपो, आणि गंधकाचा परिणाम ही विटण्याची कारणे पुढे आली. दमट हवेत हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. आपल्या किनारपट्टीवरील जुन्या संग्रहांची अवस्था पाहिली म्हणजे निराळा पुरावा नको.

दुसरी गोष्ट अशी, की निगेटिव्हमध्ये जे नाही ते छपाईत आणता येते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली कलोडियनची ओली काच प्रामुख्याने निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. त्यामुळे जमीन नीट उमटेल इतका वेळ प्रकाश दिला की आकाश कोरे पांढरे पडे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे प्रसिद्ध केली, त्यांपैकी काहींत समुद्र एका निगेटिव्हवरचा व ढग दुसरीवरचे आहेत. ऑस्कर रेइलांडर यांचे ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे १८५७ चे चित्र तर तीसहून अधिक निगेटिव्ह एका कागदावर जुळवून छापलेले होते. पाहणाऱ्याला अखंड भासणारे दृश्य प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नव्हते. ही कला शोधाच्या विसाव्या वर्षाच्या आतच प्रौढ झालेली होती.

४

या घडामोडींचे पडसाद मुंबईत विलक्षण त्वरेने उमटले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. लंडनची संस्था तिच्याहून अवघ्या एका वर्षाने वडील आहे. मुंबईच्या संस्थेत एतद्देशीय सभासदही होते. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी होत. ते व्यवसायाने वैद्य व छायाचित्रणाचे जाणकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. रसायनाचे ज्ञान व हाताचे काम यांची सांगड घालणारी ही विद्या वैद्यक शिकलेल्या पिढीला सहज आकृष्ट करणारी होती.

याच मंडळीतील विल्यम जॉन्सन यांचा ग्रंथ आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची चित्रे असलेले त्यांचे दोन खंड लंडनमध्ये १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध झाले. मुंबई इलाख्यातील लोकांचा पोशाख, अलंकार, पगड्यांचे प्रकार यांविषयी लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाहीत. परंतु या चित्रांतील माणसे एका ठिकाणी उभी आहेत आणि त्यांच्या पाठीमागील देवळे, रस्ते, बागा निराळ्याच ठिकाणच्या आहेत. माणसांची चित्रे व पार्श्वभूमीची दृश्ये वेगवेगळी घेऊन ती मागाहून जुळविलेली आहेत. पोशाखाविषयी या चित्राची साक्ष ग्राह्य धरता येईल; अमुक जातीचे लोक अमुक देवळापुढे उभे राहत, याविषयी मुळीच धरता येणार नाही. एकाच कागदावरील दोन भागांचे साधनमूल्य असे भिन्न आहे, आणि ते ठरविण्याचा मार्ग कॅमेऱ्याच्या इतिहासातून जात नाही, तो छपाईच्या इतिहासातून जातो.

५

उन्हातील छपाई मागे पडून अंधारखोलीतील छपाई कशी आली, ते आता पाहू. १८७१ मध्ये डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनमध्ये चांदीचा ब्रोमाइड मिसळून कोरडी काच करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेच मिश्रण कागदावर पसरले की ब्रोमाइड कागद तयार होतो. असा कागद १८८० च्या सुमारास बाजारात आला. हा कागद इतका तीव्र असतो की दिव्याचा काही सेकंदांचा प्रकाश त्याला पुरतो. मात्र प्रकाश पडल्यावर त्यावर काहीच दिसत नाही. सुप्त चित्र डेव्हलपरच्या द्रावणात घातल्यावरच प्रकट होते. असे प्रकट झालेले चांदीचे कण सूर्यप्रकाशाने उमटलेल्या कणांहून मोठे व गुंतागुंतीच्या तंतूंसारखे असतात; म्हणून ते तपकिरी न दिसता काळे दिसतात. चित्र खऱ्या अर्थाने कृष्णधवल झाले ते या बदलाने. लिओ बेकलंड यांनी १८९३ मध्ये काढलेला व्हेलॉक्स हा कागद त्याहून मंद असे. तो गॅसच्या दिव्याच्या मंद प्रकाशात हाताळता येई, त्यामुळे घरगुती हौशी लोकांचीही सोय झाली. १८९९ मध्ये ईस्टमन यांच्या कंपनीने तो विकत घेतला.

या तीव्र कागदामुळे चित्र मोठे करणे सुलभ झाले. दिवा, निगेटिव्ह व भिंग यांची जुळणी असलेल्या एन्लार्जरने निगेटिव्हची प्रतिमा खाली कागदावर हवी तेवढी मोठी पाडता येऊ लागली. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याची निगेटिव्ह अवघी २४ × ३६ मिलिमीटर होती. तिच्या आकाराची प्रत काढून उपयोग नव्हता, म्हणून अंधारखोलीतील काम अपरिहार्य झाले.

हे काम कसे चालते ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण निवड कोठे कोठे करावी लागते ते त्यावरूनच कळते. ब्रोमाइड कागद लाल प्रकाशाला प्रतिसाद देत नाही, म्हणून खोलीत लाल किंवा पिंगट दिवा चालतो. प्रथम कागदाची एक पट्टी घेऊन तिच्या निरनिराळ्या भागांना पाच, दहा, पंधरा सेकंद असा चढता प्रकाश देतात व तिच्यावरून योग्य वेळ ठरवितात. नंतर पूर्ण कागदाला प्रकाश देऊन तो सुमारे वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या डेव्हलपरमध्ये साधारण दोन मिनिटे ठेवतात. मग सौम्य आम्लाच्या द्रावणात बुडवून ती क्रिया थांबवितात, हायपोत कायम करतात व वाहत्या पाण्यात धुतात. येथवरचे काम पुस्तकावरून शिकता येते.

कठीण भाग निराळा आहे. चकचकीत कागदावरील सर्वांत गडद काळा व सर्वांत उजळ पांढरा यांच्या परावर्तित प्रकाशाचे प्रमाण फार तर एकास शंभर किंवा त्याहून किंचित अधिक भरते. भर दुपारच्या दृश्यात हेच प्रमाण एकास हजारापर्यंत जाऊ शकते, आणि निगेटिव्ह त्यातील पुष्कळसा भाग सामावून घेते. म्हणजे निगेटिव्हमध्ये जेवढे आहे तेवढे सगळे कागदावर सरळपणे मावत नाही. काय राखावयाचे व काय सोडावयाचे हे छापणाराने ठरवावयाचे असते. त्यासाठी त्याच्या हाती तीन साधने असतात. पहिले कागदाची जात. मऊ कागद अधिक छटा सामावून घेतो, कडक कागद त्या तोडून टाकतो. १९४० मध्ये इल्फर्ड कंपनीने काढलेल्या मल्टिग्रेड कागदात दिव्यापुढील रंगीत काच बदलून एकाच कागदापासून दोन्ही कामे घेता येऊ लागली. दुसरे प्रकाशाचा एकूण काळ. आणि तिसरे म्हणजे हात. प्रकाश पडत असता चेहऱ्यावर तळहाताची किंवा काडीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याची छाया धरली की चेहरा उजळ राहतो. उरलेला भाग झाकून आकाशाला अधिक वेळ प्रकाश दिला की आकाश गडद होते. हात सतत किंचित हालता ठेवावा लागतो, नाहीतर छायेची कड चित्रात दिसते. शिवाय ओली प्रत उजळ दिसते व वाळल्यावर थोडी गडद होते. त्यामुळे जे दिसते त्यावर न जाता उद्या काय दिसेल याचा अंदाज घेऊन काम थांबवावे लागते.

फर्डिनांड हुर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या दोघा रसायनज्ञांनी १८९० मध्ये प्रकाश व निगेटिव्हचा गडदपणा यांचे गणिती नाते आलेखाने दाखवून दिले आणि या कामाला शास्त्राचा पाया दिला. तथापि आलेखावरून कोणत्या छटा शक्य आहेत एवढेच समजते. त्यांपैकी कोणत्या स्वीकारावयाच्या हे समजत नाही. व्याकरणाने सर्व शुद्ध वाक्ये सांगता येतात, बोलणारा त्यांतील कोणते वाक्य उच्चारील हे सांगता येत नाही. तसेच हे आहे.

६

एकाच निगेटिव्हचे पाठ किती भिन्न होऊ शकतात, याचे सुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या चित्राचे आहे. न्यू मेक्सिको प्रांतातील एका खेड्याच्या दफनभूमीतील क्रूसांवर मावळतीचे ऊन पडले होते व वर चंद्र उगवलेला होता. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचे ठाऊक असलेले मान धरून अ‍ॅडम्स यांनी हिशेब केला व एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन गेले. ८ × १० इंचांच्या या एकाच निगेटिव्हपासून त्यांनी पुढील चार दशकांत हजारांहून अधिक प्रती काढल्या. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक संस्कार करून तो अधिक दाट केला, म्हणजे मूळ ग्रंथातच दुरुस्ती केली. आरंभीच्या प्रतींत आकाश करडे आहे व त्यात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. उत्तरकालीन प्रतींत तेच आकाश जवळजवळ पूर्ण काळे आहे, आणि चंद्राखाली ढगांची एकच पांढरी रेघ उरली आहे. अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या विचारात होते. निगेटिव्ह ही संगीताची लिखित संहिता व प्रत हा तिचा प्रयोग, अशी उपमा ते देत असत.

या चित्राची तारीखही मनोरंजक आहे. अ‍ॅडम्स स्वतः १९४० ते १९४४ यांपैकी निरनिराळी वर्षे सांगत. पुढे खगोलज्ञांनी चंद्राच्या स्थानावरून गणित केले. आधी १९४१ च्या ऑक्टोबरची ३१ तारीख निघाली, मग अधिक सूक्ष्म गणिताने १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित झाली. निगेटिव्हची साक्ष कर्त्याच्या स्मृतीहून अचूक ठरली. परंतु त्या संध्याकाळी आकाश किती काळोखे होते असे विचारल्यास उत्तर कोणत्या प्रतीवरून द्यावे? चंद्राचे स्थान सर्व प्रतींत तेच आहे. आकाशाचा रंग प्रत्येकीत निराळा आहे. आकार व स्थान यांविषयी सरळ, न जुळविलेली प्रत सहसा खोटे बोलत नाही. उजेड, काळोख व छटा यांविषयी ती नेहमीच छापणाराच्या तोंडाने बोलते. छायाचित्राच्या साधनचिकित्सेचे पहिले सूत्र म्हणून हा भेद स्वीकारावा, असे वाटते.

७

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. लहानमोठ्या गावांतील बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर, संस्थानिकांच्या वाड्यांत व वृत्तपत्रांच्या कपाटांत अशा निगेटिव्ह आणखी किती तरी असणार. आज त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम जोराने चालू आहे, आणि ते इष्टच आहे. काच फुटते, जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेटते, अ‍ॅसिटेटची फिल्म व्हिनेगरसारखा वास देत आकसते. तथापि उतरवून घेणे म्हणजे पुन्हा छपाई करणेच आहे. पडद्यावर उलट्याचे सुलट करताना कोणी तरी पांढरे व काळे कोठे थांबवावयाचे ते ठरवीतच असतो.

जुन्या काचांच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण आहे. उन्हात छापल्या जाणाऱ्या कागदाचा गडद झालेला भाग स्वतःच्या खालच्या थराला प्रकाशापासून झाकतो. त्यामुळे सावल्या आपोआप आवरल्या जातात. हा गुण ध्यानात घेऊन त्या काळचे छायाचित्रकार निगेटिव्ह मुद्दाम दाट व तीव्र करीत. तीच काच आजच्या साध्या ब्रोमाइड कागदावर छापली तर चित्र कर्कश उतरते. सावल्या काळ्या ठिक्कर पडतात व पांढरे कपडे कोरे राहतात. पाहणारा त्या काळच्या उन्हाला किंवा छायाचित्रकाराला दोष देतो. वस्तुतः दोष एका लिपीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या लिपीच्या नियमांनी वाचण्याचा असतो. मोडीचे दप्तर बाळबोधीत उतरविताना मोडीतील ऱ्हस्वदीर्घांची ढिलाई ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून जे होते, तेच येथे होते.

हे वाचन येणारी माणसे आता कमी होत चालली आहेत. ज्या कंपनीने १८९९ मध्ये व्हेलॉक्स घेतला, तिनेच २००५ मध्ये कृष्णधवल कागदाचे उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले. भारत सरकारने १९६० मध्ये उटकमंड येथे स्थापन केलेला, ‘इंदू’ या नावाने फिल्म व कागद पुरविणारा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखानाही बंद पडला. इंग्लंड, चेकिया इत्यादी देशांतील मोजके कारखाने कागद बनवितात आणि तरुण हौशी मंडळी तो आवडीने वापरतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांनी स्टुडिओच्या मागच्या खोलीत लाल दिव्याखाली तीस-चाळीस वर्षे काढली, त्यांचे ज्ञान कोठे लिहिलेले नाही. कोणत्या गिऱ्हाइकाचा चेहरा किती उजळावयाचा, लग्नाच्या चित्रातील शालूचा जर कसा राखावयाचा, हे ते हाताने जाणत. भाषेने त्यांना धुणारे म्हटले. प्रत्यक्षात आपल्या घरोघरीच्या भिंतींवरील पूर्वजांचे चेहरे त्यांनी ठरविलेले आहेत.

यातून संग्रहालयांपुढे व संशोधकांपुढे काही कर्तव्ये उभी राहतात. छायाचित्राची नोंद करताना ते निगेटिव्ह आहे, तत्कालीन प्रत आहे, की उत्तरकालीन प्रत आहे हे प्रथम लिहावे. प्रत असल्यास कागदाचा प्रकार, आकार व छपाईचा अंदाजे काळ द्यावा. निगेटिव्ह व तत्कालीन प्रत दोन्ही उपलब्ध असतील तर प्रतीला ‘जुनी, विटलेली’ म्हणून बाजूस सारू नये. कर्त्याच्या काळी ती निगेटिव्ह कशी वाचली जात होती, याचा तो एकमेव पुरावा असतो. संगणकावर उतरविताना छटांत केलेले बदल नोंदवून ठेवावेत व काहीही न बदललेली एक प्रत वेगळी राखावी. आणि जे छपाईकार अद्याप हयात आहेत त्यांच्याकडून त्यांच्या कामाची माहिती, त्यांच्याच शब्दांत, टिपून घ्यावी. त्या शब्दांचे मोल भाषेच्या अभ्यासकालाही कमी नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे चालले. त्या आवृत्तीच्या पानापानाखाली पाठभेद दिलेले आहेत, आणि त्यामुळे तिची प्रतिष्ठा वाढलेलीच आहे. छायाचित्रांच्या बाबतीत इतक्या श्रमांची अपेक्षा कोणी करणार नाही. पण आपण पाहत आहोत तो एक पाठ आहे, त्याच्यामागे एक मूळ आहे व दोहोंच्या मध्ये एक माणूस आहे, एवढी तळटीप तरी प्रत्येक जुन्या चित्राखाली असावयास हवी.